शॉक उघडून घेण्यासाठी इंदूरहून भोसरीपर्यंत

माझ्या पोलो जीटी गाडीचे कॉइलओव्हर शॉक (उंची कमीजास्त करता येणारे शॉक ॲब्सॉर्बर) मी या हिवाळ्यात दुसऱ्यांदा रिबिल्ड करून, म्हणजे उघडून आतले सील आणि तेल बदलून घेतले. त्यासाठी मी आणि माझा मावसभाऊ पहाटे साडेचारला इंदूरच्या रामबागेतून निघालो, पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी परतलो. इंदुरात चांगले मेकॅनिक पुष्कळ आहेत. पण शॉक उघडण्याआधी आणि बंद केल्यानंतर डायनोवर, म्हणजे शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून देणारी जागा मला येथे सापडली नाही, आणि मोजमाप नसलेल्या रिबिल्डची किंमत मी एकदा मोजून बसलो होतो.

पहिल्या वेळी मी शॉक उघडायला नेले ते तेल गळू लागल्यावर, म्हणजे जवळपास ६२,००० किलोमीटरनंतर. एका वर्कशॉपने फक्त सील बदलून, तेल भरून शॉक परत दिले. गाडी सरळ रस्त्यावर ठीक वाटे, पण डाव्या वळणावर एक आणि उजव्या वळणावर दुसरीच गाडी चालवत असल्यासारखे वाटे. चार महिन्यांत उजव्या बाजूचे सील पुन्हा गेले, कारण फाटलेल्या वायपरमधून, म्हणजे शॉकच्या आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडला पुसणाऱ्या रबरी कडीतून, आत शिरलेल्या धुळीने रॉडच्या क्रोमवर बारीक चरे पाडलेले होते आणि त्या चऱ्यांवर नवे सील टिकणे शक्यच नव्हते. शेवटी रॉड नवा घ्यावा लागला आणि त्याला रिबिल्डपेक्षा अधिक पैसे गेले. म्हणून या वेळी त्यानंतरच्या २८,००० किलोमीटरवरच, कोणतीही गळती नसताना, शॉक उतरवले.

निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही कॉइलओव्हर काढून कंपनीचे मूळ शॉक आणि स्प्रिंग गाडीला लावले. जुने शॉक विकून टाकू नयेत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते जपून ठेवले नसते तर हा प्रवास दुसऱ्याच्या गाडीने करावा लागला असता. काढण्यापूर्वी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी, स्प्रिंगच्या बैठकीखाली किती थ्रेड उघडे आहेत ते मोजावे, आणि ॲडजस्टरचे (शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाचे) क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजून नोंदवावेत. पोलोचे मागचे शॉक स्प्रिंगपासून वेगळे असल्याने मोजके बोल्ट काढताच हाती येतात. पुढचा स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) मात्र स्प्रिंग दाबल्याशिवाय सुटा करता येत नाही, आणि ते काम घरच्या अंगणात करू नये. दबलेली स्प्रिंग निसटली तर हात जायबंदी होतो.

रस्त्याविषयी थोडक्यात. मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि घाट निमाडात उतरतो. तेथे ट्रकांच्या मागे संयमाने राहावे, कारण या उतारावर ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात नेहमी होतात. खलघाटला नर्मदा ओलांडली की सेंधव्यापर्यंत वेळ चांगला निघतो. मग बिजासन घाट, शिरपूर, धुळे. मालेगावहून मनमाड-कोपरगावमार्गे नगर गाठण्याऐवजी आम्ही नाशिक, संगमनेर, नारायणगाव असा मार्ग धरला. भोसरी पुणे-नाशिक रस्त्यावरच असल्याने पुणे शहरात शिरावे लागत नाही. मात्र चाकणची संध्याकाळची गर्दी टाळायची असेल तर तेथे चारच्या आत पोहोचावे. आम्ही साडेपाचला पोहोचलो आणि मोशीपर्यंत सव्वा तास रांगेत काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरांनी आधी प्रत्येक शॉक जसाच्या तसा डायनोवर चढवला. हे यंत्र शॉकला ठरावीक वेगाने वरखाली हलवते आणि त्या वेगाला किती जोर लागतो याचा आलेख काढते. मला गाडी चालवताना काहीही खटकत नव्हते, तरी पुढच्या दोन शॉकच्या रिबाउंडमध्ये, म्हणजे दबलेला शॉक परत लांबताना होणाऱ्या रोधात, स्पष्ट फरक दिसला. उजवा ढिला पडला होता. शॉक हळूहळू मरतो आणि आपण रोज त्याच गाडीत बसत असल्याने आपल्या अंगाला त्याची सवय होते. म्हणून बॉनेट दाबून गाडी किती हेलकावे खाते ते पाहणे, ही परीक्षा फक्त पार संपलेला शॉक ओळखू शकते.

नंतर उजवा शॉक उघडला. आधी आत दाबाने भरलेला नायट्रोजन सोडला, मग वरचे डोके काढले आणि तेल काचेच्या भांड्यात ओतले. नवे तेल मधासारखे पारदर्शक असते. हे राखाडी होते आणि भांडे हलवल्यावर त्यात धातूची चमक फिरत होती. पिस्टनवरच्या शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या, कारागिराने एका पांढऱ्या कापडावर ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ओळीने मांडल्या. शॉकचा सगळा स्वभाव त्या क्रमात असतो आणि एक चकती इकडची तिकडे झाली तरी तो बदलतो. मग त्याने रॉडवरून नख फिरवले आणि म्हणाला, “साहेब, रॉड वाचला. वेळेत आणलात.”

नायट्रोजनचे काम थोडे समजून घ्यावे. पिस्टन वेगाने सरकतो तेव्हा त्याच्या मागे दाब कमी होऊन तेलात वाफेचे बुडबुडे उठतात आणि बुडबुड्यांना रोखण्याची ताकद नसते. वायूचा दाब ते होऊ देत नाही. आमच्या शॉकमध्ये १५ बार दाब भरला गेला. १४ मिलिमीटर जाडीच्या रॉडवर हा सुमारे २३ किलोचा रेटा होतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलत असल्याने वायू निघून गेला तरी गाडी बसल्यासारखी दिसत नाही. शॉक हातात आल्यावर मात्र रॉड दाबून सोडावा. या जातीच्या, म्हणजे दाबाने वायू भरलेल्या, शॉकमध्ये तो आपोआप बाहेर येत नसेल तर वायू संपला आहे.

किती दिवसांनी रिबिल्ड करावे, या प्रश्नाला या धंद्यातले लोक सर्वसाधारणपणे रस्त्यावरच्या गाडीसाठी ३०,००० ते ५०,००० किलोमीटर आणि ट्रॅकवरच्या गाडीसाठी २० ते ४० तास असे उत्तर देतात. रॅलीच्या गाड्यांचे शॉक तर अनेकदा प्रत्येक स्पर्धेनंतर उघडले जातात, आणि माझ्या मते आपल्यासाठी खरा धडा तेथे आहे. गुळगुळीत ट्रॅकवर शॉक थोडाच हलतो. खड्डे, मुरूम आणि न रंगवलेले गतिरोधक यांवर तो लांबवर आणि सतत हलतो, तापतो, आणि तापलेल्या तेलाचा घट्टपणा कायमचा उतरतो. इंदूरच्या आत फिरणाऱ्या गाडीने ४०,००० पर्यंत थांबायला हरकत नाही. ज्याची गाडी दर आठवड्याला खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर जाते, त्याने २५,००० ला शॉक डायनोवर तरी चढवावेत. गाडी उभीच असेल तरी तीन-चार वर्षांत सील कडक होतात. रॉडवर तेलाचा पुसट ओलावा दिसणे स्वाभाविक आहे. बोटाला थेंब लागला तर त्याच आठवड्यात गाडी थांबवावी, कारण त्यानंतरचे प्रत्येक किलोमीटर रॉडच्या जिवावर उठते.

चारही शॉकचा खर्च नव्या संचाच्या साधारण चौथाईत बसला. जाण्यापूर्वी फोन करून आपल्या शॉकचे सील त्यांच्याकडे शिल्लक आहेत का, हे अवश्य विचारावे, नाही तर दोन दिवसांचे दोन आठवडे होतात. निघताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख कागदावर मागून घ्यावेत. आमच्या डाव्या-उजव्या रेषा आता जवळजवळ एकमेकींवर बसल्या आहेत.

शॉक आम्ही भोसरीतच बसवून घेतले. रबरी बुशचे (सांध्यातल्या रबरी गादीचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना कसू नयेत. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा पीळ द्यावा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घेतली. परतताना पहिल्यांदा सेंधव्याला आणि मग इंदुरात आणखी ५०० किलोमीटर फिरल्यावर पुन्हा बोल्टांवर पाना फिरवला. मागच्या डाव्या बाजूचा एक बोल्ट पाव फेरा घट्ट झाला.