‘सेटिंग काय होतं?’: आइसलँडमधली फोटोवाली मंडळी

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याने रोड 1 धरून गेलं की धबधबे, हिमनद्या, काळी वाळू हे सगळं ओळीने लागतं. आम्हालाही लागलं. फक्त आमची गाडी फोटोवाल्यांची होती, त्यामुळे तिला वेळापत्रक असं काही नव्हतं. जरा वेग घेतला की मागून कुणीतरी ओरडणार, "थांबा, थांबा, ढग फाटतोय!" मग सगळे उतरणार, ढग पुन्हा मिटणार आणि हळहळत सगळे गाडीत चढणार.

मंडळी सगळी हौशी. बँकेतून निवृत्त झालेले काका, दातांच्या डॉक्टर असलेल्या ताई, त्यांचा कॉलेजात जाणारा भाचा, गणित शिकवणारे सर आणि मी. कॅमेऱ्यावर पोट कुणाचंच नाही. त्यामुळे कुणी काही लपवत नव्हतं, आणि गप्प तर कुणीच बसत नव्हतं.

सप्टेंबरअखेरचा मुहूर्त काकांचा. या दिवसांत दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात, म्हणजे दिवसा निसर्ग आणि रात्री नॉर्दर्न लाइट्स (उत्तरेकडच्या आभाळात नाचणारा तो रंगीत प्रकाश), दोन्ही पदरात. उन्हाळ्यात तिथे धड अंधारच होत नाही, तेव्हा ते दिवे दिसणार कुठून? दुसरा फायदा तिथे गेल्यावर कळला. एवढ्या उत्तरेला सूर्य सरळ खाली बुडत नाही, तिरका सरकत जातो. आपल्याकडे पंधरा-वीस मिनिटांत हातातून निसटणारा सोनेरी उजेड तिथे रेंगाळत राहतो. ट्रायपॉड लावा, लेन्स बदला, भांडा, पुन्हा लावा. उजेड आहे तिथेच.

मुक्कामी पोचलं की रोज संध्याकाळी बैठक. लॅपटॉप टेबलावर, सगळे भोवती, आणि प्रत्येकाने त्या दिवसाचे दोन फोटो दाखवायचे: एक आवडलेला, एक फसलेला. हा नियम ताईंचा. नुसते चांगले फोटो दाखवले की ‘वा वा’ होतं आणि मंडळी झोपायला जातात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. आवडलेल्या फोटोवर मिनिटभर बोलणं व्हायचं, फसलेल्यावर अर्धा तास.

ताईंचा दुसरा नियम थोडा उशिरा आला आणि त्याला कारण झाला त्यांचाच भाचा. सेल्यालँड्सफॉस हा साधारण 60 मीटरचा धबधबा. त्याच्या पडद्यामागून पायवाट जाते, म्हणजे पाण्याच्या आतून बाहेरचं जग टिपता येतं. आम्ही गेलो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. काकांचा तिथला फोटो सुरेख आला आणि भाच्याने लगेच विचारलं, "काका, सेटिंग काय होतं?" काकांनी कॅमेऱ्यातले आकडे सांगितले, पोराने फोनमध्ये टिपून घेतले. पुढच्या थांब्यावर, स्कोगाफॉसला, त्याने आकडे जसेच्या तसे लावले. संध्याकाळी बैठकीत त्याच्या धबधब्याच्या जागी नुसता पांढरा पट्टा.

"काका, तुमचंच सेटिंग लावलं होतं मी!"

"अरे, पण माझं सेटिंग ढगाखालचं होतं. तुझ्या डोक्यावर ऊन होतं."

त्या दिवसापासून ठरलं, ‘सेटिंग काय’ हा प्रश्न शेवटी. आधी विचारायचं, कुठे उभा होतास, उजेड कुठल्या बाजूने होता आणि तुला नेमकं काय दाखवायचं होतं. एवढं कळलं की आकडे बहुतेक वेळा आपले आपण काढता येतात. आणि एवढं न विचारता मिळालेले आकडे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. माझं स्वतःचं मत याहून थोडं कडक आहे. फोटोखाली शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला) लिहायची जी पद्धत आहे, तिचा शिकणाऱ्याला फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा ‘सूर्य डाव्या खांद्यामागे होता’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

स्कोगाफॉसबद्दल अजून थोडं. उंची 60 मीटर, रुंदी सुमारे 25, आणि तोंड दक्षिणेला. म्हणजे दुपारी धबधब्याकडे बघत उभं राहिलं की सूर्य पाठीशी येतो आणि तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. सरांनी वहीच काढली. इंद्रधनुष्य आपल्या सावलीच्या डोक्याभोवती 42 अंशांच्या कोनात पडतं. सूर्य 42 अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवरून ते दिसत नाही. पण सप्टेंबरअखेर तिथे सूर्य भर दुपारीही 25 अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे ऊन आहे तोवर धनुष्य आहे! सरांचा चेहरा असा खुलला होता की धबधबा त्यांनीच बांधला असावा.

तिथेच ताईंनी पोलरायझरची गंमत दाखवली. पाण्यावरची चकाकी घालवायला हा फिल्टर लावतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत डोलतात. फिल्टरची कडी एका बाजूला फिरवली तर धनुष्य ठसठशीत होतं, आणखी पाव फेरा दिला तर ते गायब होतं. काकांनी पोलरायझर लावून डझनावारी फोटो काढले होते आणि एकातही धनुष्य नव्हतं. "मला वाटलं माझे डोळेच गेले," काका म्हणाले.

तुषारांवरचा उपाय साधाच. फ्रेम ठरेपर्यंत लेन्सचं तोंड खाली किंवा टोपण लावलेलं, मग झटकन वर, दोन-तीन क्लिक, पुन्हा खाली. पुसायला कोरडी फडकी भरपूर हवीत. एक फडकं दहा मिनिटांत ओलं होतं आणि मग ते फक्त थेंब पसरवतं.

वीकजवळचा रेनिसफ्यारा किनारा मी थोडक्यात आटोपतो. फोटोंसाठी प्रसिद्ध आहे, बेसाल्टचे खांब अप्रतिम आहेत, पण तिथला समुद्र फसवा. बराच वेळ लाटा शहाण्यासारख्या येतात आणि मग एखादी अचानक दुप्पट आत शिरते. माणसं वाहून गेली आहेत. धोका सांगणाऱ्या दिव्यांची सूचना लावलेली असते, ती पाळायची आणि समुद्राकडे पाठ करून व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालायचा नाही. तिथे आमचा एक माणूस कायम नुसता लाटांवर नजर ठेवून उभा असे, आळीपाळीने. कुणाबरोबरही फिरा, ही एक गोष्ट मात्र उचला.

डायमंड बीचला मात्र आम्ही मुक्काम वाढवला. वात्नायोकुल ही आइसलँडची सगळ्यात मोठी हिमचादर, देशाचा साधारण 8 टक्के भाग तिच्याखाली आहे. तिच्यातून उतरणाऱ्या एका हिमनदीचे तुकडे योकुल्सारलोन या सरोवरात पडतात. हे सरोवरही तसं अलीकडचं, 1930 च्या दशकात हिमनदी मागे हटू लागली तेव्हापासूनचं. तुकडे तरंगत एका आखूड नदीतून, रोड 1 च्या पुलाखालून समुद्रात जातात आणि लाटा त्यांना परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. खाली कोळशासारखी वाळू आणि तिच्यावर काचेसारखा बर्फ, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची फजिती करायला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

मीटर काय करतं? समोर जे आहे ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतं. काळी वाळू दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं. बर्फ दिसला की वाटतं उजेड फार झाला, ते कमी करतं. आता वाइड लेन्सने फ्रेम घेतली, तर त्यात बहुतेक वाळूच. कॅमेरा फोटो उजळ करतो आणि बर्फ जळून जातो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे हवं. त्याच जागी, त्याच मिनिटाला, झूम करून फ्रेममध्ये नुसता बर्फ भरला, तर कॅमेरा तो मळकट करडा करून टाकतो. तिथे अधिक हवं. पाय जागचे हललेले नाहीत, सूर्य हललेला नाही, आणि चिन्ह उलटं! भाच्याला हे पटेना. मग त्याने दोन्ही फ्रेम घेऊन पाहिल्या आणि दिवसभर ज्याला त्याला तेच समजावत फिरला, आम्हालासुद्धा.

काकांचा मार्ग वेगळा. ते म्हणाले, मला अधिक-उणे लक्षात राहत नाही, मी हिस्टोग्राम बघतो, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा फोटोचा आलेख. आलेखाचं उजवं टोक भिंतीला चिकटलं की बर्फ गेला. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. म्हणून आधी बर्फ वाचवायचा, वाळूचं घरी बघू.

लाटेचं गणित मात्र हातानेच जमवावं लागतं. लाट येताना फोटो काढला तर नुसता फेस. ती परतायला लागली की बर्फाभोवतून पाण्याच्या रेषा खेचल्या जातात, तेव्हा बटण दाबायचं. शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं राहिलं की पुरतं. त्याहून जास्त ठेवलं की रेषांचा धूर होतो. पहाटे आयएसओ 100 आणि अ‍ॅपर्चर एफ/11 वर एवढा वेळ सहज मिळतो, ऊन वर आल्यावर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लागतो. ट्रायपॉडचे पाय वाळूत चांगले दाबून रोवायचे, कारण लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि फ्रेम हळूच खचते. सरांचे त्या दिवसाचे सगळे फसलेले फोटो या एकाच कारणाचे निघाले. रात्री ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर खारट वाळू सांध्यांत बसते.

वाटेत एके दिवशी वादही झाला, तो ठिकाणं सांगण्यावरून. 1783 च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकातला लाव्हा आज मैलोन्‌मैल जाड शेवाळाने मऊ झालेला दिसतो. त्यावर एक पाऊल पडलं तरी खूण वर्षानुवर्षं राहते. जवळच फ्यादरारग्ल्युफुर ही दरी. एका गाण्याच्या व्हिडिओमुळे ती जगभर गाजली, माणसं लोटली, आणि 2019 मध्ये झाडोरा सावरावा म्हणून ती काही काळ बंदच ठेवावी लागली. आता आखलेल्या वाटेवरून बघायची. सर म्हणाले, फोटोबरोबर नेमकी जागा सांगूच नये. ताई म्हणाल्या, आपल्याला कुणीतरी सांगितलं म्हणूनच आपण आलो ना! मला दोघांचंही पटलं, त्यामुळे वाद मिटला नाही.

नॉर्दर्न लाइट्ससाठी तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचा ढगांचा नकाशा रोज बघायचो. त्यात हिरवा रंग ढगांचा आणि पांढरा मोकळ्या आभाळाचा. पहिल्यांदा बघणारा नेमका उलटं समजतो. योकुल्सारलोनला एका रात्री पांढरा तुकडा आमच्या डोक्यावर आला.

अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. लेन्सवरची अनंताची खूणही नेहमी खरी नसते. म्हणून स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करून, तो बारीक टिंब होईपर्यंत कडी फिरवायची आणि मग चिकटपट्टी लावून टाकायची. एफ/2.8, आयएसओ 1600 ते 3200 इथून सुरुवात. प्रकाश मंद आणि स्थिर असेल तर दहा-पंधरा सेकंद. तो नाचायला लागला की तीन-चारवर या, नाहीतर प्रकाशाच्या पडद्याच्या चुण्या जाऊन नुसती हिरवी साय उरते. भाच्याने फोन दगडाला टेकवून नाइट मोडमध्ये काढलेला फोटो काकांच्या पहिल्या फोटोपेक्षा चांगला होता. हे काकांनीच कबूल केलं, जरा वेळाने.

त्या रात्रीचा खरा धडा सरांच्या फोटोंतून निघाला. प्रत्येक फ्रेमच्या मधोमध एकात एक गोल वर्तुळं. लेन्स बिघडली की काय म्हणून सर हबकले. ताईंनी विचारलं, "पुढे संरक्षक फिल्टर आहे का?" होता. ऑक्सिजनच्या अणूंमधून निघणारा तो हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, 557.7 नॅनोमीटरचा असतो. फिल्टरच्या सपाट काचेतून परावर्तित होताना तो स्वतःशीच व्यतिकरण करतो, म्हणजे त्याच्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजेड वाढवतात, कुठे कमी करतात, आणि अशी वर्तुळं उमटतात. दिवसाच्या मिश्र प्रकाशात हे कधी दिसत नाही. फिल्टर काढला, वर्तुळं गेली. गणिताचे सर खूश, कारण बिघाडालाही सूत्र होतं.

गारठ्यात बॅटऱ्या भराभर उतरतात, जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. परत खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा, म्हणजे खोलीतल्या हवेतलं बाष्प कॅमेऱ्यावर न जमता पिशवीवर जमतं. आणि पिशवी बंद करण्याआधी कार्ड बाहेर काढायचं! नाहीतर कॅमेरा खोलीइतका कोमट होईपर्यंत फोटो बघायची सोय नाही, आणि तेवढा धीर कुणाकडेही नसतो.

शेवटच्या बैठकीत सगळ्यांचे फोटो एका हार्डडिस्कवर घेऊन वेळेनुसार लावायचे ठरलं. कल्पना झकास होती. एकाच क्षणी कोण कुठे उभा होता, कुणाला काय दिसलं, हे ओळीने बघायला मिळालं असतं. मिळालंही, काकांना सोडून. आइसलँडची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे, आणि काकांच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ भारतीय वेळेवरच. त्यांचा दुपारी एकचा धबधबा संध्याकाळी साडेसहाला पडत होता आणि रात्री अकराचे नॉर्दर्न लाइट्स पहाटे साडेचारला लागत होते. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ एकदम मागे सरकवता येते, भाच्याने ते काम दोन मिनिटांत केलं. मग म्हणाला, "काका, आता कॅमेऱ्यातलं घड्याळही बदलून टाका."

"कशाला?" काका म्हणाले. "परवा घरी पोचलो की बरोबरच होणार आहे."