आमची वाटचाल : आधी माप, मग सील

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बॅकहोचे, म्हणजे माती खोदणाऱ्या मशीनचे, हायड्रॉलिक सिलेंडर दुरुस्त करून देणारी दुकानं कमी नाहीत. या सिलेंडरच्या नळीत (बॅरल) ऑइलच्या दाबाने पिस्टन सरकतो आणि त्याला जोडलेला दांडा (रॉड) आत-बाहेर होतो. त्यांत आमचं नाव टिकलं ते एका शिस्तीवर. सिलेंडर उघडला की आधी मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल ही मापाची हत्यारं बाहेर निघतात; नव्या सीलच्या (ऑइल अडवणाऱ्या रिंगांच्या) किटचं पाकीट नंतर फुटतं. लेथ, प्रेस, होनिंगचं हेड, टेस्ट बेंच ही सामग्री सावकाश जमत गेली. त्या सुरळीत वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते दुकानाला टाळं लागायची वेळ आली त्या दिवसांबद्दल.

आमच्याकडेच हात बसलेल्या एकाने जवळ दुकान टाकलं. सकाळी सिलेंडर टाका, दुपारी न्या, पैसे निम्मे. निम्म्या पैशात व्हायचं ते असं: ग्लँड (रॉड बाहेर येतो ते सिलेंडरचं झाकण) खोलायचा, जुनी सील स्क्रूड्रायव्हरने उचकटायची, लोकल किट घालायचं, रॉडवर पॉलिश पेपर मारायचा आणि बॅरलला पिवळा रंग. ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) खोबणीत स्क्रूड्रायव्हरचा आडवा ओरखडा पडला की ऑइल तिथून वाट काढतंच, मग किट कितीही भारी असो. पण गिऱ्हाईक बिल बघतं. आमची बांधलेली गिऱ्हाइकं तिकडे वळली, आणि वर ‘हे उगाच रॉड बदलायला लावतात’ अशी बोलवा उठली. ती अजून सलते, म्हणून सविस्तर लिहितो.

सील आपणहून सहसा जात नाही, त्याला दुसरं काहीतरी घालवतं. म्हणून जुनं सील फेकू नका, हातात घेऊन बघा. एकाच बाजूने झिजलं असेल तर रॉड वाकलाय, नाहीतर वेअर रिंग (रॉड-पिस्टनला मधोमध धरणारी) किंवा डोळ्याचा बुश (टोकाच्या भोकातली बाही) संपलाय. ओठावर (रॉडला टेकणाऱ्या कडेवर) उभ्या रेघा असतील तर रॉडला ओरखडे आहेत किंवा वायपर (रॉडवरची धूळ पुसणारं बाहेरचं सील) धूळ आत सोडतोय. कडक होऊन तडे गेले तर ऑइल तापतंय. 80 अंशांच्या वर सतत चाललं की सीलचं आयुष्य झपाट्याने घटतं. टाचेकडून (ओठाच्या उलट बाजूने) कुरतडल्यासारखं दिसलं तर ग्लँड आणि रॉडमधली फट वाढलीय आणि दाबाने सील त्या फटीत घुसतंय. ओठ जळून काळा पडला असेल तर आत हवा राहिली होती; ती एकदम दाबली गेली की तापते आणि तिच्यातली ऑइलची वाफ पेट घेते.

रॉड व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून फिरवा. मीटरभर लांबीत डायलचा काटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर प्रेसवर सरळ केल्याशिवाय आम्ही तो जोडत नाही. रॉडच्या क्रोमवरून (चकचकीत मुलाम्यावरून) नख फिरवा. अडकलं तर पॉलिशने भागत नाही, घासून पुन्हा हार्ड क्रोम आणि वर ग्राइंडिंग. बोअर (बॅरलचा आतला व्यास) तीन ठिकाणी मोजा, कारण बॅरल बऱ्याचदा मधेच फुगलेला असतो.

बूम (खोदायचा हात) आपोआप उतरतो, जॅक (मशीन टेकवायचा पाय) बसतो, अशी तक्रार आली की सरसकट पिस्टन सीलवर खापर फुटतं. भार रॉडला आत ढकलत असेल आणि दोन्ही पोर्ट (ऑइल जायची-यायची भोकं) पक्के बंद असतील, तर पिस्टन सील फाटलं तरी रॉड आत येऊ शकत नाही, कारण आत येणाऱ्या रॉडला जागा द्यायला ऑइल बाहेर पडावं लागतं. मात्र दाब वाढतो : 100 मिलिमीटर बोअर आणि 60 मिलिमीटरचा रॉड असेल तर जवळपास पावणेतीन पट. तेवढा दाब चेक व्हॉल्व्ह किंवा स्पूल (ऑइल अडवणारे मशीनचे व्हॉल्व्ह) बऱ्याचदा सहन करत नाही आणि ऑइल तिथून निसटतं. तेव्हा तेही तपासा. पिस्टन सील तपासायला सिलेंडरचा रॉड पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा, रॉडकडचा होज (ऑइलचा पाइप) काढून मशीनकडचं टोक प्लग करा. मग त्याच, म्हणजे रॉड बाहेर ढकलायच्या, दिशेला दाब द्या. मोकळ्या पोर्टातून ऑइल येत राहिलं तर सील गेलं. पोर्टासमोर हात धरू नका.

बसवताना रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळा. यू-सीलचे ओठ ऑइलकडे, वायपरचा बाहेर. टेफ्लॉनची पिस्टन रिंग गरम ऑइलमध्ये मऊ करून निमुळत्या कोनवरून चढवा, मग स्लीव्हमध्ये दाबून मापात येईपर्यंत थांबा. इथे न थांबता केलेली घाईच इतर दुकानांत नडते : फुगलेली रिंग बॅरलमध्ये शिरताना कापली जाते आणि नवं किट पहिल्याच दिवशी जातं.

पन्हाळ्याकडचे एक मशीनमालक त्या वाईट काळातही इथेच येत राहिले. त्यांचं काम जांभ्यातलं, ती लाल धूळ वायपर खाते. ते प्रत्येक किटसमोर अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं त्याचा) आकडा वहीत लिहीत. तीच वही त्यांनी इतर मालकांना दाखवली, आणि हळूहळू माणसं परत फिरली. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत नदीकाठची मशिनं बुडाली, तेव्हा मापाची किंमत सगळ्यांनाच कळली. ऑइल ताकासारखं पांढरं, क्रोमखाली गंज. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून इंजिन मारू नका. टाकी आणि फिल्टर साफ करा, प्रत्येक सिलेंडरमधलं जुनं ऑइल काढा, गंजलेला रॉड आत ओढण्याआधी तपासा. खडबडीत क्रोम ग्लँडमधून एकदा गेला की नवं सीलही फाटतं. जोडून झाल्यावर इंजिन हळू ठेवून बिनभाराने काही फेऱ्या द्या, टोकाला आपटू देऊ नका, आणि मगच टाकीत ऑइलची पातळी बघा. आता प्रत्येक सिलेंडरबरोबर रॉड, बोअर आणि बुशच्या मापांची चिठ्ठी देतो. ज्याला पटत नाही, त्याने ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात मोजून घ्यावं.