भयपटांचे शेवट : वहीतले दोन नवे रकाने

भयपटाच्या शेवटी सगळं उलगडून सांगावं की मोकळं सोडावं, हे तपासायला मी सिनेमे बघून एका वहीत नोंदी करतो. या फेरीत त्या वहीला दोन रकाने जोडले आहेत. उलगडा कोण करतं, आणि सिनेमाच्या कोणत्या टप्प्यावर. बाकी पद्धत तीच. शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली की पॉज करायचं, डोक्यात घोळणारे प्रश्न लिहून काढायचे, मग शेवट बघून कशाकशाची उत्तरं मिळाली त्यावर खूण करायची. (सगळे सिनेमे जुने आहेत, पण शेवट फोडतोय. पाहिले नसतील तर इथेच थांबा.)

सुरुवात 'सायको' (१९६०)ने. 'शेवटी समजावून सांगू नये' म्हणणाऱ्यांचा हा ठरलेला आरोपी. मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि खुनी नॉर्मनच्या डोक्यात काय चाललं होतं ते उभ्या उभ्या सांगून मोकळा होतो. प्रवचन लांबतं, मान्य. पण सिनेमा त्या प्रवचनावर संपत नाही. पुढच्याच दृश्यात नॉर्मन घोंगडं पांघरून बसलाय, त्याच्या मेलेल्या आईचा आवाज ऐकू येतोय, आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं तोकडं वाटायला लागतं. माझ्या वहीत सगळ्या प्रश्नांवर खुणा झाल्या, भीती मात्र शिल्लक राहिली.

हिचकॉकनेच तीन वर्षांनी 'द बर्ड्स' केला. तिथे कारणच नाही. मात्र कारण शोधणारी माणसं आहेत, आणि ती शेवटी नाहीत, मध्यात आहेत, उपाहारगृहातल्या प्रसंगात. पक्ष्यांची जाणकार बाई म्हणते, असं होणं शक्यच नाही. दारुडा म्हणतो, जगबुडी आली. घाबरलेली एक आई सगळं खापर नायिकेवर फोडते. एकही स्पष्टीकरण टिकत नाही. शेवटी गाडी पक्ष्यांच्या गर्दीतून हळूहळू निघून जाते, 'समाप्त'ची पाटीसुद्धा येत नाही. आपल्या मनात येऊ शकणारी उत्तरं आधीच खोडून ठेवल्यामुळे शेवटी कुणी फसवल्यासारखं वाटत नाही. मोकळा शेवट म्हणजे लेखकाचा आळस, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग परत बघावा.

या फेरीत सगळ्यात जास्त वेळ 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९)ने खाल्ला. जंगलातल्या चेटकिणीवर माहितीपट करायला गेलेल्या तरुणांची ही गोष्ट. शेवटी तळघरात त्यांच्यातला माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, सोबतच्या हेदरची किंकाळी, कॅमेरा पडतो, संपलं. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो कोपऱ्यात का उभा आहे हेच कळेना. वितरकांना वेगळा शेवट हवा होता, पर्यायी शेवट चित्रितही झाले, पण दिग्दर्शकांनी मूळचाच ठेवला. फक्त सुरुवातीच्या मुलाखतींत एक भर घातली : जुना खुनी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा. बस्स. शेवटाला हातही न लावता उलगडा सिनेमाच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आपण ते ऐकतो, विसरतो, आणि तळघरात ते आपलं आपल्याला आठवतं. त्यामागे चेटकीण आहे की माणूस, हे शेवटपर्यंत कळत नाही. कळायला नकोच.

त्यामुळे माझं मत आता या बाजूला झुकलंय : काय घडलं ते कळावं, का घडलं ते नाही कळलं तरी चालेल. आणि जे सांगायचं ते धोका डोक्यावर असताना सांगावं. सगळं शांत झाल्यावर चहा पीत नव्हे.

'द शायनिंग' (१९८०)ची नोंद छोटी. प्रदर्शनानंतर दिग्दर्शक कुब्रिकने शेवटचा इस्पितळातला प्रसंग कापला. त्यात हॉटेलचा मॅनेजर वेंडीला भेटतो आणि तिच्या नवऱ्याचा, जॅकचा, मृतदेह सापडला नसल्याचं सांगतो. तो गेल्यामुळे बर्फात गोठलेल्या जॅकवरून आपण थेट ४ जुलै १९२१च्या, जॅकच दिसणाऱ्या फोटोवर पोचतो. मला कात्री पटली. फोटो उत्तर देत नाही, उलट नवा प्रश्न टाकतो, आणि मध्ये कुणी बोलायला उरलेलं नाही.

पुढची फेरी दोन शेवटांच्या सिनेमांची. पहिला नंबर 'द डिसेंट' (२००५)चा : ब्रिटनमधला शेवट आणि अमेरिकेत दाखवलेला आखूड शेवट लागोपाठ बघायचे, प्रश्नांची यादी एकच ठेवायची. आखूड शेवटात नायिका गुहेबाहेर पडते, ब्रिटिश शेवटात ती आतच असते. खुणा कुठे बदलतात ते बघू.