माझ्या नावाच्या दोघी

रविवार, रात्री उशिरा

ओवीनं मला लागावं म्हणून विचारलं नव्हतं. जेवताना त्या शिवकालीन मालिकेचा विषय निघाला आणि ती सहज म्हणाली, "आत्या, तुझं नाव त्या वाईट राणीचं का ठेवलं गं?" दादा हसला. वहिनीनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पानांत भात वाढला आणि विषय संपला. त्यांच्यासाठी संपला. मी अजून त्या एका वाक्याशी आतल्या आत भांडतेय. आठ वर्षांच्या पोरीशी भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

या नावापायी आजवर काय कमी ऐकलंय? फोनवर 'सोयरा' सांगावं तर पलीकडून 'सायरा' ऐकू येतं. 'सोलापूरचा सो' म्हणून सांगितलं तरी पार्सलवर सायराच येते. एका यादीत मला पुरुषांच्या रकान्यात टाकलं होतं, कारण सोयरा म्हणजे बाप्याच असणार. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी अडखळायच्या. अश्विनी, स्नेहल, प्रियांका यांना कधी कुणी थांबून पाहिलं नाही. मधल्या सुट्टीत पोरं 'सोयरे आले, पाट मांडा' करत मागे लागायची. ते सगळं पचलं. चुकीचं ऐकलं, चुकीचं लिहिलं, त्यात माझं काय गेलं? पण ओवीनं नाव बरोबर ऐकलं होतं. बरोबर ऐकून तिनं ते वाईट ठरवलं होतं. मला वाटतं, सलतंय ते हे.

आणि सलतंय म्हणावं तर ते नवं तरी कुठंय? शिवाजी महाराजांच्या राण्यांची नावं घ्या. सईबाईंचं नाव आज घराघरांत आहे. ओवीच्याच वर्गात सई आहेत. जिजा परत आलं, रमा आलं, मुक्ता आलं, तारा आलं. जुनी नावं शोधून शोधून ठेवायची हौस लोकांना आहे. पुतळा, सकवार, गुणवंता ही नावं मागे पडली, पण ती नुसती जुनी झाली म्हणून. सोयराचं तसं नाही. ते लोकांना चांगलं आठवतं आणि आठवतं म्हणूनच ते ठेवत नाहीत. सई आणि सोयरा एकाच घरात नांदलेल्या सवती. एकीचं नाव पाळण्यात पोचलं आणि दुसरीचं उंबऱ्याबाहेर राहिलं. आई लवकर गेलेल्या लेकराची, संभाजी महाराजांची, सावत्र आई, एवढ्यावरच निम्मा निकाल लागतो. उरलेला नाटकं, कादंबऱ्या आणि मालिका लावतात. लांब पापण्या, तिरका कटाक्ष आणि मागे ते घुमणारं संगीत. ती आली की लहान मुलांनाही कळतं, ही वाईट.

मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. पण नाव अंगावर वागवायचं तर थोडं वाचावंच लागतं. सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांची लेक, सेनापती हंबीररावांची बहीण. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून महाराजांच्या शेजारी तीच होती. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. त्याच महिन्यात अण्णाजी दत्तो आणि इतर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. ते तिला हवं होतं, हे मी नाकारणार नाही. कुठल्या आईला नको असतं? पण तिनं महाराजांना विष दिलं, ही गोष्ट! सभासद बखरीत महाराजांना ज्वराची व्यथा झाल्याचं आहे. ती बखर राजारामांच्या पदरी जिंजीला १६९७ मध्ये लिहिली गेली, म्हणजे तिच्याच लेकाच्या दरबारात. तेव्हा एकट्या त्या बखरीवर विसंबायचं नाही, हे मला समजतं. पण मग चिटणीस बखरीवर तरी का विसंबायचं? ती एकोणिसाव्या शतकातली आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी, ज्यांना संभाजी महाराजांनी देहान्त दिला. प्रत्येकाच्या लेखणीला घर आहे. तिच्या बाजूनं लिहायला कोण बसलं होतं?

बसलं होतं, आणि तेही कोण! खुद्द संभाजी महाराज. १६८० च्या त्यांच्या संस्कृत दानपत्रात राजारामांच्या या आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ म्हटलंय आणि दोष कारभाऱ्यांच्या कानभरणीवर टाकलाय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खोलीत येरझारा घातल्या होत्या. ज्याच्या वतीनं लोक तिला साडेतीनशे वर्षं बोल लावतात, त्यानं असं म्हणावं? पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६८१ मध्ये, ती गेली. कशी गेली याच्या नाना कथा आहेत, एकीपेक्षा एक भयंकर. त्या मला लिहायच्या नाहीत.

हंबीररावांचं मात्र राहून राहून मनात येतं. सख्ख्या बहिणीचा लेक गादीवर असताना ते संभाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. राज्याच्या दृष्टीनं योग्यच केलं, सगळे तेच म्हणतात, मीही म्हणते. पण ती बातमी गडावर पोचली तेव्हा तिला काय वाटलं असेल? भाऊ कुणाच्या बाजूनं उभा राहील हे आधी कळत नाही. असो. आमच्याकडचा तो विषय मला आज काढायचा नाही.

हे सगळं त्या ताटावर सांगता आलं असतं का? स्फटिक, दानपत्र, बखर? ओवीच्या डोळ्यांत प्रश्न होता, तो दोन घासांत मावणारा नव्हता. शिवाय घशाशी काहीतरी आलं होतं. या वयात नावावरून रडू यावं, याचंच मला जास्त रडू आलं. अण्णा, माझे वडील, असते तर त्यांनी तिथल्या तिथे काहीतरी सांगितलं असतं. मी कायम धरून चालले होते की नाव अण्णांनी ठेवलं. इतिहासाचं वेड त्यांनाच. पण राणीचं ठेवलं असेल, तर का? ते मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

म्हणून आज दुपारी आईला फोन केला.

"अण्णांनी?" आई म्हणाली. "त्यांना वैजयंती हवं होतं. सोयरा मी ठेवलं. आणि ही राणी कुठून आली मध्येच? चोखोबांची सोयरा, आपली वारीतली."

आईच्या डोक्यात राणी कधी आलीच नव्हती! माझ्या आजोळी माळकरी माणसं, पहाटे काकड्याला अभंग, हे मला माहीत होतंच. 'अवघा रंग एक झाला' आईच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलेलं. तो संत सोयराबाईचा आहे, हेही माहीत होतं. तरी माझं नाव तिथून आलं असेल, हे का कुणास ठाऊक, मनात कधी आलं नाही. लोकांनी दुसरीचंच नाव इतक्यांदा ऐकवलं होतं.

मग आईनं ती गोष्ट सांगितली. चोखोबा घरी नाहीत, बहिणीकडे, निर्मळेकडे गेलेले. इकडे सोयराचे दिवस भरलेले, घरात कुणी नाही. तेव्हा विठ्ठलच निर्मळेचं रूप घेऊन दारात आला, नणंद होऊन आला आणि त्यानं तिचं बाळंतपण केलं. त्या बाळाच्या, कर्ममेळ्याच्या जन्माचा तिचा अभंगही आहे. त्यात विठ्ठल-रुक्मिणी आनंदानं बारसं करतात. "तुझ्या वेळेला घरात मी एकटी होते," आई म्हणाली. "बाहेर पाऊस, अण्णा दौऱ्यावर. पाणी तापवायला माणूस नव्हतं. मोठ्या आत्या त्या पावसात भिजत आल्या. निरोपही गेला नव्हता गं." मोठ्या आत्या आणि आई यांच्यात पुढे जे झालं ते झालं, आई त्यावर बोलली नाही, मीही विचारलं नाही. फोनवर थोडा वेळ दोघी गप्प होतो. मग तिनं विचारलं, दूध उतू जात नाहीये ना तुझं? आणि ठेवून दिला.

संध्याकाळभर फार हलकं वाटत होतं. माझी सोयरा राणी नाही, संत आहे. चौदाव्या शतकातली बाई, जिला देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती. ती म्हणते, देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध. केवढं हे बळ! तिचे साठेक अभंग आज हाती आहेत आणि त्यांत बहुतेक ठिकाणी सही आहे 'चोखियाची महारी'. स्वतःचं नाव ती फारसं घालतच नाही. नवरा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेला. त्याची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे, तिथे सगळे टेकतात. हिचं जे काही उरलंय ते गळ्यागळ्यांतून. आणि माझ्या आधार कार्डावर.

ओवीला सांगायला उत्तर मिळालं, असं म्हणून निजायला गेले आणि झोप लागेना. कारण ते उत्तर असं होतं: मी त्या वाईट राणीची नाही, या चांगल्या बाईची. म्हणजे मीही राणीला टाकलंच की. वर्षानुवर्षं तिच्यासाठी वाचत बसले, तिच्या वतीनं मनातल्या मनात भांडले आणि सुटायची वाट दिसताच तिच्या अंगावरून पुढे जायला निघाले. ते मला जमणार नाही. नाव आईनं संत सोयरेवरून ठेवलं, पण बोलणी खाल्ली ती राणीच्या वाटची. नात्यात आता दोघीही आल्या आहेत.

ओवी शनिवारी राहायला येणार आहे. तिला तलवारी आवडतात, तेव्हा सुरुवात ताराराणीपासून करीन. १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली ताराराणी हंबीररावांची मुलगी, म्हणजे सोयराबाईची भाची आणि सूनही. ओवी माझी जी लागते, तीच. हे ऐकल्यावर ती दहा प्रश्न विचारील, मला माहीत आहे. दानपत्राचा तो उतारा शोधून ठेवायला हवा, आणि आईला म्हणावं, बारशाचा अभंग पूर्ण सांग, मला लिहून घ्यायचाय.