तीन फुटी टँकसाठी मासे निवडताना

दुकानात मासे जोडीने विकतात, आणि अर्ध्या घोळाचं मूळ तिथेच आहे. दोन नियॉन, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन गप्पी आणि काच साफ करायला एक सकर, अशी खरेदी सर्रास होते. थव्याने राहणारा मासा दोनच आणला की तो घाबरून झाडामागे बसतो, रंग टाकतो, नाहीतर दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडत सुटतो. रंगीत आणि हलता टँक हवा असेल तर जाती कमी आणि थवा पुरा, हे मी आधीच ठरवून टाकलं. चार जाती, बस.

टँक ३६ × १५ × १५ इंचांचा. हिशेबाने १३० लिटर होतात, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी १०५ ते ११० लिटरच उरतं. चपळ माशांना उंचीपेक्षा लांबी लागते, त्यामुळे उंच आणि अरुंद टँक दिसायला कितीही झकास असला तरी या कामाचा नाही.

माशाचं नाव काढण्याआधी घरी कुठलं पाणी येतं ते बघावं लागतं. नाशिकमध्ये नळाला बहुतांशी गंगापूर धरणाचं पाणी असतं, पण बऱ्याच सोसायट्यांत वरच्या टाकीत बोअरचंही मिसळलेलं असतं. बादलीवर पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड. थेंब मोजून जडपणा काढायचा किट मिळतो, तो घ्यावा. सोबत माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट, नायट्रेट मोजायचाही. जड पाण्यावर उपाय म्हणून टँक आरओच्या पाण्याने भरणारे लोक आहेत. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच केव्हाही घसरतो. त्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा निवडणं कितीतरी सोपं.

दुसरी गोष्ट थंडी. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली जातो आणि हॉलमधल्या टँकचं पाणीही गारठतं. १०० ते १५० वॉटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवतो, पण वीज गेली की तो नसल्यातच जमा. म्हणून १८–२० अंशांपर्यंत तग धरणारे मासे मी पुढे धरले.

त्यातून यादी अशी निघाली. वरच्या थरात आठ झेब्रा डॅनिओ. मूळचे आपल्याच उपखंडातले, स्वस्त, काटक आणि दिवसभर पळापळ करणारे. मधल्या थरात सहा रोझी बार्ब, दोन नर आणि चार माद्या. नराचा लालभडक रंग माद्या आणि दुसरा नर समोर असला की खुलतो. एकटा नर विटकरीच राहतो. हा मासा ६–७ सेंटिमीटरचा होतो आणि मऊ पानांची झाडं खातो, म्हणून झाडं व्हॅलिस्नेरिया आणि अनुबियास एवढीच. केशरी-पिवळ्या रंगासाठी चार प्लॅटी, चारही नर. मादी साधारण दर महिन्याला वीस-तीस पिल्लं टाकते, मग ती कुठे ठेवणार? नर ओळखणं अवघड नाही. पोटाखालचा मागचा पर मादीचा पंख्यासारखा पसरट असतो, नराचा काडीसारखा टोकदार. जाळी पिशवीत रिकामी होण्याआधी प्रत्येक मासा काचेजवळ बघून घ्यावा. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या. तळाला सहा ब्राँझ कोरी. यांच्या मिशा धारदार खडीने झिजतात आणि मग तिथे जंतुसंसर्ग होतो, म्हणून तळाला बारीक, गोल, गडद वाळू. गडद तळाचा दुसरा फायदा म्हणजे माशांचे रंग उठून दिसतात. पांढऱ्या खडीवर हाच रोझी बार्ब धुतल्यासारखा दिसतो.

काय वगळलं तेही सांगतो. टायगर बार्ब देखणा, पण लांब शेपटीचा मासा दिसला की त्याला राहवत नाही. एंजल मोठा झाला की नियॉन गिळतो. गोल्डफिश घाण फार करतो. सकर म्हणून जो विकतात तो फूटभर होतो. आणि काचेसारख्या पारदर्शक माशाच्या पाठीवर झगझगीत गुलाबी-हिरवी रेघ दिसली तर तो रंग सुईने टोचलेला असतो. काही महिन्यांत रंग विरतो आणि टोचल्याच्या जखमेतून रोग शिरतो. असले मासे घेऊच नयेत.

दुकानात आधी विचारायचं, लॉट कधी आला. शोभेच्या माशांची मोठी पैदास चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास होते. पिशवीतला लांबचा प्रवास करून आलेला मासा पहिले काही दिवस नाजूक असतो, म्हणून आठवडाभर दुकानात टिकलेलाच घ्यावा. समोर थोडं खाद्य टाकायला सांगावं. न खाणारा मासा नको. पर मिटलेले, पोट आत गेलेलं, दगडाला अंग घासणारा, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, यातलं काहीही एका माशात दिसलं तरी त्या टँकमधला एकही घेऊ नये. दुकानाच्या निळ्या दिव्याखाली सगळेच झळकतात, तेव्हा मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

टँक तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. रोज चिमूटभर खाद्य टाकून रिकामा टँक चालू ठेवायचा. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की पहिले मासे. ‘पाणी दोन दिवस मुरू द्या, मग टाका’ हा दुकानातला सल्ला क्लोरिन उडण्यापुरता ठीक. पावसाळ्यात नळालाच क्लोरिनचा वास मारतो, तेव्हा अँटीक्लोरिनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालतो. स्पंज नळाखाली धुतला की जिवाणू मेले. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

पहिले आठ डॅनिओ, दोन आठवड्यांनी रोझी बार्ब, मग कोरी, शेवटी प्लॅटी. मध्ये दर वेळी अमोनिया तपासायचा. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवावी, मग पाऊण तास त्यात टँकचं पाणी थोडं थोडं घालावं आणि मासे जाळीने सोडावेत. पिशवीतलं पाणी मोरीत. प्लॅटींसोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊ शकतो, म्हणून त्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवलं.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलतो. थंडीत बादलीतलं पाणी बर्फासारखं असतं. थोडं गॅसवर तापवून त्यात मिसळायचं, थर्मामीटर बुडवून टँकशी जुळवायचं, मगच ओतायचं. एप्रिल-मेमध्ये उलटं. पाणी ३० अंशांपलीकडे गेलं की प्राणवायू कमी पडतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तेव्हा झाकण काढून वर जाळी टाकावी, कारण डॅनिओ उड्या मारतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडावा. दोनेक अंश उतरतात, पण पाणी भराभर आटतं, ते रोज भरावं लागतं.

नियॉनची हौस असेल तर टँक तीन महिन्यांचा होऊ द्यावा आणि पाणी मऊ असेल तरच आणावेत, रोझी बार्बच्या जागी. दहा एकदम घ्यावेत, पाच जोड्या एकाच लॉटमधल्या.