ॲझोल्याचा वाफा: रोज किती काढायचं?

ॲझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, गुरांना चारा म्हणून घालतात. त्याचा वाफा भरला की बहुतेक जण रोज ठरलेलं वजन काढायला लागतात. कुणाचा वाफा वर्षभर टिकतो, कुणाचा महिन्यात बसतो. काढायचं वजन दोघांचं सारखंच असू शकतं, हीच यातली गंमत.

आधी मांडणी. २ बाय २ मीटरचा, २० सेंमी खोल खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद. वर १० ते १५ किलो चाळलेली माती. २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून ओता, मग पाण्याची उंची १० सेंमी करा. अर्धा ते एक किलो बियाणं (म्हणजे जिवंत ॲझोलाच) सोडलं की १०-१५ दिवसांत हिरवा गालिचा होतो.

आता हिशेब. समजा भरलेल्या वाफ्यात ८ किलो ॲझोला मावतो आणि मोकळ्या पाण्यात तो ३ दिवसांत दुप्पट होतो, म्हणजे रोज २६ टक्के. दाटी वाढेल तशी वाढ मंदावते. ८ किलोला ती शून्य, ४ किलोला सगळ्यात जास्त, रोज अर्ध्या किलोच्या आसपास. ६ किलोला साधारण ३९० ग्रॅम. आणि २ किलोलाही ३९० ग्रॅमच!

म्हणजे रोज ३९० ग्रॅम काढले तर वाफा ६ किलोवरही स्थिर दिसतो, २ किलोवरही. पण कडक उन्हाने ६ चे ५ झाले, तर रोजची वाढ ४९० वर जाते आणि तूट आपोआप भरते. २ चे दीड झाले तर वाढ ३२० वर येते, काढणी तीच राहते आणि वाफा संपतो. मग शेण कमी पडलं म्हणून कितीही हळहळा, चूक काढणीची असते.

(खतही लागतंच: दर ५ दिवसांनी १ किलो शेण, २० ग्रॅम सुपर फॉस्फेट. दर १० दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला, महिन्याला ५ किलो माती.)

अंदाजाने वाफा कळत नाही. अर्धा मीटर बाजूची चौकट पाण्यावर ठेवा, आतला ॲझोला चाळणीत निथळून वजन करा, १६ ने गुणा. वरच्या हिशेबात चौकटीत ३७५ ग्रॅम भरले तर ठीक. २५० च्या खाली आलं की काढणी बंद, पुन्हा ३७५ होईपर्यंत. तोवर गुरांना दुसरं काहीतरी घाला.