आमची वाटचाल : सरळ रेघेची दोन टोकं

कारखान्यातल्या यंत्रांचे आकडे स्क्रीनवर दाखवायचे आणि साठवून ठेवायचे, हा आमचा धंदा. आमचं पहिलं मोठं काम एका बॉयलर हाउसचं. दोनशे टॅग, म्हणजे नोंदवायच्या दोनशे राशी, सगळे एक सेकंदाच्या स्कॅनवर. एका टॅगच्या दिवसाला 86,400 नोंदी, दोनशेंच्या 1 कोटी 72 लाख 80 हजार. हा गुणाकार मी कोटेशन देण्याआधी केला नव्हता. डेटाबेस घेतला फुकटचा, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. त्याला तेव्हा 10 जीबीची मर्यादा होती. महिना भरायच्या आत तो भरला आणि हिस्ट्री लिहिणं बंद पडलं. स्क्रीनवरचे आकडे मात्र हलत होते, ते थेट पीएलसीकडून, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरकडून यायचे ना! अकरा दिवस कुणाला पत्ता नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी ट्रेंड, म्हणजे साठवलेल्या आकड्यांचा आलेख उघडला, तर रेघ मध्येच तुटलेली.

घाबरून मी जुन्या नोंदी डिलीट करत सुटलो. डेटाची फाइल तसूभरही घटली नाही, जागा आतल्या आत मोकळी होते. वर प्रत्येक बदल टिपणारी लॉग फाइल फुगली ती वेगळीच. त्याच आठवड्यात एका प्रतिस्पर्ध्याचा माणूस तिथे हजर. ‘आम्ही एकही नोंद टाकून देत नाही’ हे त्यांचं पालुपद आजही चालू आहे.

वाचवलं ते तिथल्या युटिलिटी मॅनेजरसाहेबांनी. स्टीम प्रेशरवरचा जुना गोल चार्ट रेकॉर्डर, म्हणजे फिरत्या कागदी चकतीवर पेनने रेघ काढणारं यंत्र, त्यांनी काढलाच नव्हता. अकरा दिवसांच्या अकरा चकत्या ऑडिटरपुढे ठेवल्या. मी ओशाळलो, तर म्हणाले, ‘‘तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून नाही हो, पेन अजून चालतंय म्हणून.’’

माझा भागीदार हाडाचा इन्स्ट्रुमेंटवाला. त्या चकत्या तो रात्री घेऊन बसला. म्हणाला, ‘‘पेन एका चालीने सरकतंय तोवर दोन टोकं पुरतात, मधले ठिपके कशाला साठवायचे?’’ त्यावरून आम्ही आर्काइव्ह, म्हणजे नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर, नव्याने लिहिलं : उतार बदलला तरच नोंद, दर दिवसाची फाइल वेगळी. ही युक्ती ‘स्विंगिंग डोअर’ नावाने 1987 सालीच पेटंट झालेली आहे, हे नंतर कळलं. भागीदार दोन दिवस बोलला नाही.

पुढची बारा वर्षं सुरळीत गेली.

नव्या पोरांना सांगतो, डेडबँड, म्हणजे ज्याहून लहान बदल नोंदवायचा नाही ती मर्यादा, ट्रान्समीटरच्या (मोजणाऱ्या उपकरणाच्या) अचूकतेपेक्षा बारीक ठेवू नका, नाहीतर तुम्ही नुसता थरथराट साठवाल. जुना डेटा आटवताना सरासरीबरोबर किमान-कमाल ठेवाच. ट्रिपच्या, म्हणजे यंत्र आपोआप बंद पडण्याच्या आधीचा झटका सरासरीत बुडतो. आणि पेन ड्राइव्ह फॅट32 असेल, तर 4 जीबीची फाइल त्यावर मावत नाही, मग ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना.

साहेब आता निवृत्त झालेत. नवे मॅनेजर पहिल्याच भेटीत म्हणाले, ‘‘ते दुसरे सांगत होते, तुम्ही डेटा टाकून देता म्हणून.’’ मी मूळ सेकंदाचा ट्रेंड आणि आमचा आर्काइव्ह एकावर एक ठेवून दाखवला. त्यांनी झूम करकरून पाहिलं, फरक सापडला नाही. एएमसीची (वार्षिक देखभालीची) ऑर्डर अजून आलेली नाही.